रेड ऑक्साइडचे राक्षस

ब्रश तोंडात घालायचा, ओठांत दाबून फिरवत बाहेर काढायचा, टोक जमलं का ते उजेडात धरून बघायचं, आणि मग समोर जे काही असेल त्याला उद्देशून म्हणायचं, "घाण." सरांचा दिवस असा सुरू व्हायचा. समोर बहुधा कुणाचा तरी दात असायचा.

सांगलीतल्या एका दातांच्या लॅबमध्ये आम्ही एकत्र काम करत होतो. डॉक्टर लोक पेशंटच्या दातांची मापं पाठवतात आणि आम्ही त्यांवर कॅप, ब्रिज बनवून देतो. मी कॉम्प्युटरवर दाताचा आकार काढते. सर सिरॅमिकचं काम करायचे, म्हणजे धातूच्या टोपीवर पांढरी पूड ओली करून ब्रशने थराथराने चढवायची आणि भट्टीत घालायची. पूड ओली करायला शेजारी पाण्याची वाटी असते. सरांची वाटी बहुतेक वेळा कोरडी असायची. पहिल्याच आठवड्यात मी त्यांना थुंकीने ओला केलेला ब्रश कुणाच्या तरी पुढच्या दातावर फिरवताना पाहिलं, आणि त्या दिवशी माझा डबा न उघडताच घरी गेला.

"भट्टीत सगळं जळतंय, मॅडम," ते म्हणाले. मी काहीही बोलले नव्हते. माझा चेहरा माझ्या आधी बोलतो, असं आई म्हणते.

असा एक माणूस तुमच्याही ऑफिसात असेल. कामात पक्का, म्हणून कुणी त्याला काही म्हणत नाही. सरांच्या मिशीत प्लास्टरची धूळ असायची. डाव्या अंगठ्याचं नख त्यांनी वाढवलं होतं. त्याने ते मेण खरवडायचे आणि कानही कोरायचे. दुपारी त्याच बोटांनी भडंग खायचे, आणि पुडा माझ्यासमोर धरून म्हणायचे, "घ्या की." नको म्हणायला मला रोज नवीन कारण शोधावं लागे.

टेबलाच्या खालच्या खणात त्यांचं सैन्य असायचं. बोटाच्या दोन पेरांएवढे शिशाचे पुतळे. वाकड्या नाकाचे गॉब्लिन, भाले घेतलेले सांगाडे, टोकदार कानांचे धनुर्धारी, दाढीवाले जादूगार, एकदोन ड्रॅगन. परदेशात लोक टेबलावर अशी सैन्यं मांडून फासे टाकत लढाया खेळतात. हे पुतळे माझ्या जन्माच्या खूप आधीचे, विलायतेत ओतलेले. आता नवीन प्लास्टिकचे निघतात, पण सरांना ते चालत नसत. "प्लास्टिकला वजन न्हाई. वजन न्हाई तर इज्जत न्हाई."

"सर, तुम्ही खेळता कुणाबरोबर?" आमच्याकडे प्लास्टरचे साचे करणाऱ्या शबानाने एकदा विचारलं होतं.

"खेळायला मी काय लहान हाय का?"

"मग करता काय ह्यांचं?"

"स्वच्छ करतो."

हे मात्र खरं होतं. पाचगणीच्या एका शाळेत मुलांचे दात तपासायचं शिबिर होतं, तिथे डॉक्टरांबरोबर सर गेले होते. परत येताना एका भंगारवाल्याच्या तागडीत त्यांना हे पुतळे दिसले. वसतिगृहात राहिलेल्या कुणा मुलाने मागे टाकून दिले असावेत. भंगारवाला ते शिसं म्हणून वितळवणार होता. सरांनी पिशवी भरून आणली आणि तेव्हापासून त्यांचं हे सुरू झालं. पुढे फोनवरच्या ग्रुपांतून ते जुने पुतळे मागवू लागले. येणारा प्रत्येक पुतळा आधीच्या मालकाने रंगवलेला असे, आणि सरांच्या मते तो रंग नेहमीच घाण असे. जाड थरांखाली नाक, बोटं, दात सगळं बुजलेलं.

मग तो पुतळा बरणीत जायचा. जखमा धुवायचं ते दवाखान्याच्या वासाचं तपकिरी औषध असतं ना, त्याने ती लोणच्याची बरणी भरलेली असे. त्यात पुतळे एकदोन दिवस बुडवून ठेवले की रंग सुटतो. बाहेर काढताना पाणी लागू द्यायचं नाही, नाहीतर रंगाचा चिकट लगदा होऊन बसतो. मग डॉक्टरांकडे फुकट येणाऱ्या सॅम्पलच्या टूथब्रशने सर तो घासायचे. रंगाचा शेंबडासारखा गाळ हातमोज्यांवरून ओघळायचा. बरणी ठेवायची जागा आमच्या डब्यांच्या शेजारी. शबानाने तीनदा हलवली, सरांनी तीनदा परत आणली.

"सर, शिसं पोटात जातंय तुमच्या. मरशीला," ती म्हणायची.

"रंगवताना चाटतो. घासताना चाटत न्हाई. तेवढी अक्कल हाय मला."

स्वच्छ झालेल्या पुतळ्यावर ते भिंगाचा चष्मा लावून बसायचे. गॉब्लिनच्या ओठांना कडा, डोळ्यात बुबुळ, बुबुळात चमक. दात तर विचारूच नका. मुळाशी पिवळट, टोकाशी निळसर पारदर्शक, खऱ्या पेशंटच्या कॅपला करतात तसे. सुंदर व्हायचं ते. मला ते कबूल करायला आवडत नाही, कारण त्या सौंदर्यात कितीदा ब्रश चाटला गेला होता ते मी पाहिलेलं असायचं.

माझी मावशी साताऱ्याला असते. तिचे यजमान, आमचे काका, मालवाहू जहाजावर वायरलेसचं काम करायचे. तरुणपणी विलायतेच्या बंदरांत त्यांनी असेच पुतळे घेतले होते, डबाभर. जहाजावर रंग कोणते मिळणार? लोखंडाला लावायचा रेड ऑक्साइड, करडा, पांढरा, काळा. फावल्या वेळात काका त्यांनीच रंगवायचे. सुट्टीत घरी आले की ते पुतळे दिवाळीच्या किल्ल्यावर जायचे. माथ्यावर मातीचे महाराज, दरवाजावर मावळे, आणि उतारावरून चालून येणारे शत्रू म्हणजे काकांचे रेड ऑक्साइडचे राक्षस. गल्लीतल्या पोरांना दुसऱ्या किल्ल्यांवरचे शत्रू शत्रू वाटतच नसत. काकांना मूल नव्हतं. गेल्या वर्षी ते गेले. ती दिवाळी सुतकातच गेली.

यंदा दसऱ्याला मी गेले तेव्हा मावशी म्हणाली, "किल्ला करायचाय गं. ह्यांच्या माघारी पहिलाच." आणि तिने डबा काढला. एका धनुर्धाऱ्याचा हात आणि ड्रॅगनचा पंख निखळला होता, बाकीचेही खिळखिळे झाले होते. "तुझ्या लॅबमध्ये कुणी चिकटवून देईल का? ह्यांच्या हातचं एवढंच राहिलंय माझ्याकडे. कपडे वगैरे सगळं वाटून टाकलं."

मी डबा सरांसमोर ठेवला. ते एकेक पुतळा उलटा करून तळावरचा छाप बघू लागले. एक तर त्यांनी नाकाला लावून हुंगला.

"ह्यो सेट मी फोटोतच बगितलाय," ते म्हणाले. मग सुलटा केला आणि तोंड वाकडं झालं. "कुणी ही घाण केली?"

"माझ्या काकांनी. सर, फक्त चिकटवायचं आहे. रंगाला हात लावू नका."

"हां हां."

मी सहसा एखादी गोष्ट दोनदा सांगत नाही, पण ही सांगितली. शबाना साक्षीला आहे.

सोमवारी आले तर बरणी भरलेली होती आणि सर बेसिनपाशी उभे राहून गुणगुणत होते. हातमोज्यांवरून विटकरी गाळ ओघळत होता. बेसिनच्या जाळीत रेड ऑक्साइडची सालं अडकली होती, सिरॅमिकच्या पुडीच्या पांढऱ्या पाण्यात. जेवल्यावर आम्ही सगळे तिथेच चूळ भरायचो.

"मॅडम, या या. बगा, नाक दिसलं. चाळीस वर्षं ह्याला नाक हाय हे कुणाला म्हाईत नव्हतं."

मी म्हणाले, "ते काका वारलेत, सर."

"मग?"

"तो रंग त्यांनी लावला होता."

"व्हय. त्यांचीच घाण काडली की." ते खरंच माझ्या आभारांची वाट बघत होते. त्यांच्या लेखी पुतळा आजारी होता आणि त्यांनी तो बरा केला होता. मी किल्ल्याचं सांगितलं तेव्हा त्यांनी हातातला गॉब्लिन छातीशी धरला. "मातीत? ह्यांना मातीत उभं करता?"

शबानाने हातातला प्लास्टरचा वाडगा खाली ठेवला. "सर, उद्या तुमी मेल्यावर तुमचे हे सगळे कुणी असेच धुवून काडले तर?"

"कोन धुईल? माझं काम हाय ते."

"ते पण कुणाचं तरी कामच होतं."

दुपारी सर माझ्या टेबलाशी आले. "चारच तर रंग हायत. तसंच रंगवून देतो. तुमच्या मावशीला कळणार बी न्हाई." मला किळस आली, या 'कळणार बी न्हाई'ची. पण दिवाळी तोंडावर होती.

त्यांनी हार्डवेअरच्या दुकानातून रेड ऑक्साइड आणला. माझ्या फोनमधले जुन्या किल्ल्यांचे फोटो मोठे करून करून बघितले. आणि त्यांना जमेना. काकांचा रंग गालावरून दाढीत, दाढीतून कपड्यांवर गेलेला असायचा. सरांचा ब्रश कडेला आला की आपोआप थांबायचा. चष्मा काढून बघितलं. डाव्या हाताने करून बघितलं. एकदा शबानाला म्हणाले, "माझ्या कोपराला धक्का दे." तिने आनंदाने दिला. तरी डाग पडला तो नेमका कपड्याच्या घडीत, सावली पडते तिथेच. मुद्दाम केलेला गबाळेपणा लगेच ओळखू येत होता. दरवेळी पुतळे पुन्हा बरणीत. त्यांना वाईट वाटत होतं असं मला एकदाही दिसलं नाही. हरल्याचा राग मात्र दिसत होता.

शेवटी त्यांनी ते चिकटवून आपल्या पद्धतीने रंगवले. हिरवे चेहरे, बुबुळं, दात, सगळं.

"तुम्ही साताऱ्याला चला," मी म्हणाले. "तुम्हीच सांगा तिला." इतकं थेट मी कुणाला कधी बोलले नव्हते. वसुबारसेच्या दिवशी एसटीने आम्ही गेलो. सर माझ्या शेजारी न बसता पुढे ड्रायव्हरच्या मागे बसले. मला बरंच वाटलं.

मावशीच्या अंगणात किल्ला तयार होता. आळीव उगवून आला होता, माथ्यावर महाराज बसले होते. पुढचा उतार तिने मोकळा ठेवला होता. सरांनी ओट्यावर बसून कापसातून एकेक पुतळा काढला आणि मांडला.

मावशीने एक हातात घेतला. "अगं बाई, काय सुरेख आहे. कुणाचे हे?"

मी सरांकडे बघितलं.

"ताई, तुमचेच हायत," सर म्हणाले.

ती तो गॉब्लिन फिरवत राहिली. मग तिने तळ पाहिला, वजन पाहिलं. "आणि ह्यांचा रंग?"

"काडला."

"का?"

"लय घाण होता, ताई."

मला तिथून उठून एसटी स्टँडवर चालत जावंसं वाटलं. मावशीचा आवाज जराही चढला नाही. "किती घाण होता?" तिने विचारलं. "सांगा की. कसा होता तो?"

हा प्रश्न नाही, हे दुसऱ्या कुणालाही कळलं असतं. सरांना वाटलं आपल्याला आपल्या विषयातलं विचारलंय. ते नीट मांडी घालून बसले. "आता ह्योच बगा. डावा डोळा उजव्याच्या खाली, पार गालावर. पांढरा ठिपका दिला, तो नाकापर्यंत ओघळला, पुसला बी न्हाई. काखेत रंगच न्हाई, ब्रश पोचलाच न्हाई. करडा वाळायच्या आधी वर रेड ऑक्साइड मारला, त्याला सुरकुत्या पडल्या, दुधावर साय येती तशा. आनि ह्या धनुर्धाऱ्याचं तर इचारूच नका, ह्याला मिशी काडलीती."

"मिशी?" मावशी म्हणाली.

"काळी. एका बाजूनं मोठी."

"ह्यांची तशीच होती," मावशी म्हणाली. "उजवीकडे जरा जास्त. आरशात बघून कापायचे तरी." ती हसली आणि तिने पुढचा पुतळा उचलला. "आणि हा?"

सर सांगत गेले. एकेका पुतळ्यावरचा एकेक ओघळ त्यांना पाठ होता. प्रत्येक दोष ते पूर्ण तिरस्काराने सांगत होते, मधे चकली खात होते, बोटं चाटत होते. मावशी 'पुढे' म्हणत होती. मला तो माणूस तेव्हाही आवडला नाही. दिवाळीनंतर थोड्याच दिवसांत ते हुबळीला मुलीकडे राहायला गेले, आणि लॅबमध्ये कपाटात लपवलेली माझी पाण्याची बाटली मी पुन्हा टेबलावर ठेवू लागले. पण ते सगळं ऐकताना मी उठले नाही हेही खरं.

शेवटचा पुतळा झाल्यावर मावशी आत गेली. बाहेर आली ती फाटकाला लावायच्या रंगाचे डबे घेऊन. करडा, पांढरा, काळा आणि रेड ऑक्साइड, सगळे काकांनी आणून ठेवलेले. आणि पणत्या रंगवायचा एक जाड ब्रश.

"आता पहिल्यापासून सांगा," ती म्हणाली. "सावकाश. मी लावते."

"ह्याच्यावर?" सरांनी गॉब्लिनकडे बोट केलं. त्याच्या एका दाताच्या टोकाला त्यांनी अर्धा दिवस दिला होता. "ताई, निदान बरणीत घालून परत..."

"ह्याच्यावरच."

ते उठले. मला वाटलं पुतळे उचलून निघतील. ते चालत फाटकापर्यंत गेले, रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले आणि दोन्ही हातांनी फाटकाचा गज धरला. मागे मावशीने डब्यात ब्रश बुडवला, तो ठिबकला.

"आधी करडा," ते रस्त्याकडे बघत म्हणाले. "सगळीकडं. कानात बी जाऊ द्या." मागे ब्रश फिरू दिला. "आता वाळायची वाट बगू नका. लगीच रेड ऑक्साइड."