फाईल बदलली, एवढंच कळलं

आज भूमला खव्याच्या कारखान्यात तिथं काम करणाऱ्या सुमनकाकूंचा हात ढवळायच्या मशीनमध्ये गेला. झाकण उघडलं की मशीन थांबायला पाहिजे होतं. ते थांबलं नाही.

अशा मशीन चालवणारे प्रोग्रॅम लिहिणं हे आमचं काम. जुने-नवे सगळे प्रोग्रॅम आम्ही कॉम्प्युटरवर जपून ठेवतो. पण ते साध्या मजकुरात नसतात, त्यामुळं "फाईल बदलली" एवढंच दिसतं. काय बदललं, ते दिसत नाही. शेवटी दोन लॅपटॉप शेजारी ठेवून एकेक पान ताडून पाहिलं. झाकण उघडलं की थांबायची अटच काढलेली होती. सोबत सहकाऱ्याची नोंद: "किरकोळ बदल".

त्याला विचारलं. म्हणाला, "काकूच म्हणाल्या होत्या, मशीन सारखं थांबायलंय, लई खोळंबा व्हायलाय."

संध्याकाळी दवाखान्यात काकूंनी विचारलं, "कशामुळं झालं, सापडलं का?"

मी म्हणालो, "शोधतोय."

तुम्ही काय सांगितलं असतं?