वर्ष लागणारी गोष्ट

बायॉप्सीचा रिपोर्ट डॉक्टरांनी मला सांगितलाच नाही. बायॉप्सी म्हणजे गाठीचा तुकडा काढून तपासणं. गाठ माझ्या गळ्यात, टाके माझ्या गळ्याला, आणि डॉक्टर म्हणतात काय, "भाईसाहब, आप ज़रा बाहर आइए." भाईसाहब म्हणजे आमचे हे. परत आले ते चष्मा पुसत. "काही नाही गं सुधा, इन्फेक्शन आहे." अहो, इन्फेक्शनसाठी कुणी उज्जैनहून इंदूरला धाडतं का?

इंदूरला सलाईनमधून औषध चढू लागलं. केस गेले. विचारलं की एकच उत्तर, औषध स्ट्राँग आहे.

घरी मात्र लाडच लाड! इतकी वर्षं "बघू" म्हणून टाळलेला रंगीत टीव्ही आला, केबलही लागलं. ओंकारेश्वरला जावंसं वाटतं म्हटलं, तर लगेच टॅक्सी दारात. नानाखेड्याची नणंद रोज येऊन "वहिनी, काय खाणार?" विचारायची. मला वाटलं, चला, माझ्या दुखण्यानं माणसं तरी सुधारली.

मग एकदा म्हटलं, "फ्रीगंजमध्ये कॉम्प्युटर क्लास निघालाय. वर्षभराचा कोर्स आहे. नाव घालू?"

हे चष्मा काढून पुसू लागले. नणंद डोळ्यांना पदर लावून आत गेली.

तेव्हा लख्ख कळलं. चार दिवसांत उरकणाऱ्या सगळ्याला हो होतं. वर्षाचं नाव काढलं की वाचा बसत होती. अशी भडकले म्हणून सांगू! "मला न विचारता मला पोचवूनही आलात की काय?" हे रडायला लागले. मला दया आली नाही.

पुढच्या खेपेला डॉक्टरांसमोर ठाण मांडून बसले. "बाहर कोई नहीं जाएगा. जो है, मुझे बताइए."

"लिम्फोमा है," ते म्हणाले. म्हणजे शरीरात जंतूंशी लढणाऱ्या गाठी असतात, त्यांचा कॅन्सर. "उम्मीद अच्छी है, बहनजी. गारंटी नहीं दे सकता."

एवढंच? एवढ्यासाठी मला महिनोन् महिने अंधारात ठेवलं? खरं ऐकून मी रडले, पण घरी येऊन जेवले आणि झोपलेही. तुमच्या घरी कुणी आजारी असेल तर हात जोडून सांगते, त्याला वगळून कुजबुजू नका. आमचा जीव आमचा आहे, त्याची काळजी आम्हालाही करू द्या.

औषधं संपली. गाठ विरली. "अब देखते रहेंगे," डॉक्टर म्हणाले. दुखणं परत येईल की नाही, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. मी डोक्याला रुमाल बांधला, टावर चौकातून चालत गेले आणि क्लासला नाव घालून आले.

घरी सांगितलं. ह्यांनी पेपर आपटला. "मला विचारलंस? आणि वर्षभर संध्याकाळच्या पोळ्या कोण करणार?"

"तुम्ही!" मी ओरडले, आणि मग लक्षात आलं. इतक्या महिन्यांनी हा माणूस माझ्याशी भांडत होता, आणि वर्षभराचं बोलत होता. पोळ्या मी करणार नव्हतेच. पण देवा, तेवढ्या एका प्रश्नासाठी तुझे उपकार.