नाल्यापलीकडची सुमनताई

पोलिसांना म्हणावं, आमच्या सुमनताईला जिल्ह्याबाहेर हाकललंत, आणि वर आम्हालाच विचारता, "तुम्हाला भीती कसली?"

असो. ती गेल्यापासून किस्से नुसते साचत चाललेत. पूर्वी काही घडलं की संध्याकाळी सुमनताईच्या ओसरीवर सांगून मोकळं व्हायचं. ती आधी पोट धरून हसायची, मग म्हणायची, "आता अर्ज लिव." आता रिसोडात तसं ऐकणारं कोणी नाही, म्हणून तुम्हाला सांगते.

गावातल्या एका मजुराला विनाकारण डांबून ठेवलं, म्हणून ताईनं आम्हा बायकांना घेऊन ठाण्यासमोर ठिय्या दिला. बदल्यात तडीपारी. वर्षभर जिल्ह्यात पाऊल ठेवायचं नाही. हवालदार दारात हुकूम वाचत होता, 'सदर महिलेच्या बोलण्याने लोकांच्या मनात दहशत निर्माण होते.' आतून ताईच्या सासूबाई म्हणाल्या, "मी त लग्नापासून सांगून राह्यली. तवा कोनी लिवून घेतलं नाई."

हवालदारासकट सगळे हसले. हुकूम मात्र तसाच राहिला.

मग या तडीपारीविरुद्ध सभा घ्यायची परवानगी मागायला आम्ही ठाण्यात गेलो. साहेबांना घोषणासुद्धा आधी लेखी हव्या होत्या. दिल्या. निंदणाला जाणारी बेबीमावशी आमच्या गटातली सगळ्यात जुनी. तिनं अगदी नम्रपणे विचारलं, "साहेब, आयत्या वेळी राग आला, त त्याची येगळी परवानगी लागते का?"

साहेबांनी पंखा वाढवायला सांगितला.

आमची सभा संविधानाच्या उद्देशिकेनं सुरू होते. 'आम्ही भारताचे लोक'पासून सगळ्याजणी उभ्यानं म्हणतात. त्या दिवशी साध्या कपड्यातला एक पोलीस आला होता. वाचन संपल्यावर त्यानं पेन काढलं. हे कोणाच्या सांगण्यावरून चाललंय, नाव सांगा, म्हणाला.

"पयल्याच ओळीत हाय ना," बेबीमावशी म्हणाली.

ताई सध्या नाल्यापलीकडे, हिंगोली जिल्ह्यात, चुलतभावाकडे राहते. रोज फोन करते. कोणी ऐकत असेल म्हणून आम्ही फक्त भाजी-भाकरीचं बोलतो. एकदा ती बराच वेळ गप्पच. काय झालं, म्हणून विचारलं.

"काई नाई. आपल्या गल्लीतलं कुत्रं भुकून राह्यलं ना, ते आयकत होती."

त्यानंतर मी हट्टालाच पेटले. ताईशिवाय सभा नाही! पण परवानगी फक्त आपल्या जिल्ह्यापुरती. म्हणून सभा थेट हद्दीवर ठेवली. आम्ही नाल्याच्या अलीकडे सतरंजीवर, ताई पलीकडे दगडावर. नाला कोरडा, जेमतेम बैलगाडी जाईल एवढा. वारा उलटा, मागच्या बायकांपर्यंत तिचे अर्धे शब्द पोचत नव्हते. तरी कोणी पात्रात पाऊल टाकलं नाही. आम्ही कायदा पाळणारी माणसं, पोलिसांना निमित्त कशाला द्या?

सभा संपली. ताईनं आमच्यासाठी आणलेले तिळाचे लाडू तिच्या डब्यातच राहिले. ती डबा मांडीवर धरून बसली होती. बेबीमावशी डोळे पुसत होती. वर्ष सरेपर्यंत दर महिन्याला इथंच भेटायचं, असं मी सगळ्यांना तावातावानं सांगत होते.

आम्हाला आणणारा जीपवाला हॉर्न वाजवून कंटाळला होता. तो खाली उतरला. त्यानं एकदा ताईकडं बघितलं, एकदा आमच्याकडं.

"ताईले इकडं यायची मनाई हाय," तो म्हणाला. "तुमाले तिकडं जायची कोनं केली?"