मुठीतली तीनशे आकडी संख्या

लग्नात सुपारीच्या खेळात मी हरले ती नवऱ्याच्या लबाडीमुळे. नवरीने सुपारी मुठीत घट्ट धरायची आणि नवऱ्याने एका हाताने मूठ उघडायची, असा आमच्याकडचा रिवाज. या गृहस्थाने जोर लावलाच नाही. कानाशी येऊन काहीतरी पुटपुटला, मला हसू फुटलं आणि सुपारी त्याच्या हातात. आता घरात याचंच चालणार, असं माझ्या सख्ख्या मावशीने कल्याणच्या त्या हॉलमध्ये जाहीर करून टाकलं. माझं डोकं तापलं ते तापलंच.

म्हणून राहायचं कुठे यावर वाद पेटला तेव्हा मी म्हटलं, पुन्हा एकदा मूठ उघड. माझे गणिताचे क्लास डोंबिवलीत, घसा फोडून जमवलेले. सासर टिटवाळ्याचं, सासूबाई एकट्या आणि त्यांच्या समोरचाच फ्लॅट रिकामा. तिकडे गेले की क्लास बंद, हे मला स्वच्छ दिसत होतं.

"मी एक संख्या देते. रविवारपर्यंत तिचे अवयव काढलेस तर टिटवाळा. नाहीतर डोंबिवली."

"चालेल," नवरा म्हणाला. ठाण्याला संगणकावर बसून पगार घेणारा माणूस, त्याला वाटलं मशीन काढून देईल.

इथेच तर गंमत आहे. दोन मूळ संख्यांचा गुणाकार करणं सोपं. पण नुसता गुणाकार हातात देऊन त्या दोघी कोण ते विचारा. संख्या पुरेशी लांबलचक असेल तर भलेभले संगणक मान टाकतात. मी दीड-दीडशे आकडी दोन मूळ संख्या शोधून घेतल्या. त्याही जोडमूळ, म्हणजे अकरा-तेरासारख्या, मध्ये एकच संख्या सोडून शेजारी बसणाऱ्या. नवीन लग्न, म्हटलं जोडीनेच असू देत. गुणाकार आला तीनशे आकडी.

त्याने मिनिटभरात चाचणी घेऊन सांगितलं, "संयुक्त आहे, फुटते ही." तेवढं कळतंच. शेजारी भांडण चाललंय हे भिंतीतून ऐकू येतं, कोण कोणाशी भांडतंय ते कळत नाही, तसं. पुढे मशीन नुसतं तापत राहिलं आणि मी मजेत पोळ्या लाटत राहिले.

रविवारी टिटवाळ्याला जेवताना त्याने हात वर केले. "नाही सुटत."

"कसला रे इंजिनियर तू!" सासूबाई त्याच्यावर उखडल्या. मी मान खाली घालून श्रीखंड चाटत होते. आनंद लपवायला दुसरी जागा नव्हती.

डोंबिवलीत सामान लावताना नवरा सहज म्हणाला, "पुढच्या वेळी दोघींना इतकं जवळ ठेवू नकोस. एक मिळवून वर्गमूळ काढलं की सुटतं."

मी जागच्या जागी बसले. अकरा गुणिले तेरा एकशे त्रेचाळीस. एक मिळवला की बाराचा वर्ग, आणि बाराच्या अलीकडे-पलीकडे त्या दोघी. संख्या कितीही लांब असो, जोडी असली की हे होणारच. आठवीच्या पोरांना मी हेच सूत्र घोकायला लावते!

"कधी सुटलं?"

"शनिवारीच."

आधी राग आला, मग लाज, आणि मग त्या माणसावर इतकं प्रेम आलं की हातातला कुकर खाली ठेवावा लागला. पण फुकटचा विजय मला पचत नाही. मी सरळ सासूबाईंना फोन लावला.

"आई, खरं सांगते, मी हरलेय. त्याने संख्या फोडलेली. तुम्ही म्हणाल तर आम्ही तिकडे येतो."

"अगं, मला माहितेय," सासूबाई म्हणाल्या. "शनिवारी नाचत आलेला माझ्याकडे. मीच त्याला गप्प बसवलं. तुझी पोरं काय टिटवाळ्याला येणारेत शिकायला?"