कमरूचाचांचं नाक आणि जपानी बोट

जहाजावरच्या स्वयंपाक्याला कोकणात भंडारी म्हणतात. भंडाऱ्याचं नशीब असं, की तो साऱ्या दुनियेला वळसा घालतो आणि बघत काहीच नाही. बंदर आलं की बाकीचे खलाशी कपडे करून उतरणार, आणि हा आपला बटाटे सोलणार. दाभोळचे कमरुद्दीन भंडारी चार वेळा जपानच्या कोबे बंदरात जाऊन आले होते. कुणी विचारलं, "चाचा, कसं आहे हो कोबे?" तर विचार करून सांगत, "पाऊस होता. कांदे बरे मिळाले."

पुढे गुडघे दुखायला लागले तसं चाचांनी जहाज सोडलं आणि दुबईत देऱ्याला वलीशेठांच्या पेढीवर स्वयंपाकाला राहिले. खाडीच्या तोंडाशी पेढी. खाली जपानी कापडाचे तागे, टॉर्च, चिनीमातीच्या कपबशा. वर आठ-दहा माणसांची राहायची खोली, आणि तिच्या मागे चाचांचं स्वयंपाकघर. सगळी माणसं रत्नागिरी-रायगडकडची. शुक्रवारी नमाजानंतर तर पलीकडच्या काठावरची कोकणी माणसंही होडीत बसून चाचांच्या हातचं सुरमईचं कालवण खायला येत.

चाचांचा हात चांगला होताच, पण खरी कीर्ती होती नाकाची. एकदा तांदळाचं पोतं उघडलं आणि चाचा दाराशीच थबकले. म्हणाले, "हा तांदूळ रॉकेलच्या डब्यांना टेकून आलाय." पोतं आणणारा नाखवा कुराणावर हात ठेवायला निघाला होता, मग काय वाटलं कुणास ठाऊक, हात मागे घेऊन म्हणाला, "एकच डबा होता, चाचा." तेव्हापासून देऱ्यात कुणाला मासळीचा, तुपाचा, अत्तराचासुद्धा संशय आला की, "चाचांना हुंगवून आणा," असं म्हणायची चाल पडली.

आणि तेच नाक गेलं.

सदुसष्ट साल उजाडलं तेव्हा देऱ्यात तापाची साथ होती. चाचाही आठवडाभर अंथरुणाला खिळले. उठले, चूल पेटवली, तेलात लसूण टाकला आणि कांदा चिरत बसले. मान वर केली तर खोलीत निळा धूर, लसणाचा कोळसा झालेला. डोळ्यांना धूर लागत होता. नाकाला काही नाही. त्यांनी तिरफळं चुरडून हुंगली. सुका बोंबील नाकाशी धरला. काही नाही. जिभेवर मीठ ठेवलं, तर नुसतं खरखरीत लागलं, वाळू ठेवावी तसं.

आता हे सांगायचं कुणाला? घरी नूरजहाँचाचींना कळवावं तर त्या म्हणणार, या परत. परत जाऊन करायचं काय? ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सलाम करायचा? मिसरूड फुटायच्या आधीपासून ज्याला गाव 'भंडारी' म्हणूनच ओळखतं, त्याच्या हातातून कालवण ढवळायचा डाव गेला तर मागे उरतं काय, हे चाचांना कळेना. ते गप्प राहिले. मनाशी म्हणाले, रमजानात आपण रोजा धरून स्वयंपाक करतोच की! तेव्हा कुठे चाखतो? कांद्याचा रंग बघायचा, मसाल्याचा आवाज ऐकायचा, मीठ मुठीच्या अंदाजाने. तीस दिवस जमतं ते बाराही महिने जमेल. आणि जमलंही. निदान चाचांना तसं वाटलं. कारण कुणी कधी तक्रार केली नाही.

असं वर्ष सरत आलं. थंडीच्या तोंडाला दुबईच्या बाहेर समुद्रात एक पांढरी शुभ्र जपानी बोट नांगर टाकून उभी राहिली. तिच्यात माल विकायला नव्हता, दाखवायला होता. यंत्रं, रेडिओ, कापड, आणि वरच्या मजल्यावर जपानी चहा, जपानी बैठक, जपानी जेवण. व्यापाऱ्यांचे गट करायचे, लाँचने न्यायचं, सोबत वाटाड्या द्यायचा आणि आमचा देश असा असतो हे दाखवायचं, अशी ती योजना. वलीशेठांना आमंत्रण आलं. दहा माणसं, बायकांसह.

शेठांनी चाचांना खाली बोलावलं. तिथे शेठांची बायको जहांआराबीबी आणि हेडक्लार्क गनी आधीच बसलेले. गनी चाळिशीचा, जिभेला हाड नसलेला माणूस.

"चाचा, तुम्हाला यायचंय," शेठ म्हणाले. "तुम्ही जपान पाहिलाय."

"चाचांनी जपानचे कांदे पाहिलेत," गनी म्हणाला.

"तू गप रे. चाचा, गोष्ट अशी आहे. ते लोक जेवणात दारू घालतात म्हणे. कशात घालतात, कशात नाही, आपल्याला काय माहीत? आणि पाहुण्याने यजमानाला, तुमच्या ताटात काय आहे, असं विचारणं बरं दिसत नाही. नवीन एजन्सीचं बोलणं चाललंय, उगाच त्यांचा अपमान नको. तर तुम्ही आधी हुंगा. ठीक असेल तर मोठ्याने बिस्मिल्ला म्हणा आणि सुरू करा, आम्ही मागोमाग. नसेल तर छातीवर हात ठेवा. आम्ही म्हणू, पोट भरलं."

"तुमचं नाक म्हणजे आमचा मौलवी," जहांआराबीबी हसत म्हणाल्या.

चाचांच्या तोंडात 'नाही' आलं होतं. पण नाही म्हटलं की 'का?' येणार. ते म्हणाले, "इन्शाल्ला," आणि जिना चढून वर गेले. त्या दिवशी त्यांनी भातात दोनदा पाणी घातलं.

बोटीवर वाटाड्या म्हणून भेटले ते ओकादा नावाचे गृहस्थ. ठेंगणे, चष्मेवाले, हातात एवढंसं निशाण. मुंबईच्या कापूसबाजारात बरीच वर्षं काढलेली, त्यामुळे हिंदी अशी की शेठ बघतच राहिले. "आओ साब, आओ बाईसाब. जूता इधर निकालो. चिंता मत करो, चोरी नहीं होगा."

गवती चटयांच्या खोलीत सगळ्यांना मांडी घालून बसवलं. एक बाई हळूहळू आली, हळूहळू बसली, वाडगा पुसला, परत पुसला, हिरवी पूड टाकून बांबूच्या कुंचल्याने घोटत बसली. ओकादा हलक्या आवाजात सांगत होते: वाडगा असा फिरवायचा, त्याची चांगली बाजू आपल्या ओठांना लागू द्यायची नाही, तो मान यजमानाचा.

जहांआराबीबी शेजारच्या चाचांना म्हणाल्या, "एवढ्या वेळात माझ्या सासूबाईंनी वीस माणसांना चहा पाजून कपबशा विसळून ठेवल्या असत्या."

"पण वाडगा बघा कसा पुसते," चाचा म्हणाले. "भांड्याला घाबरवत नाही."

पुढच्या दालनात मात्र चाचा आपली चिंता घटकाभर विसरले. एका माणसाने लाकडाचा ठोकळा काढला आणि पेटीला लावलेल्या पात्यावर सुतार रंधा मारतो तसा घासायला लागला. खाली पातळ, गुलाबी ढलप्या पडत होत्या. ओकादा म्हणाले, "ये लकडी नहीं साब. मच्छी है. धूप, धुआँ, महीनों सुखाया."

चाचांनी तो ठोकळा हातात घेतला, नखाने टकटक केली. आपण सुकट करतो, बांगडे खारवतो. पण मासा वाळवून त्याचं असं शिसव करायचं! त्यांना त्या माणसाशी बोलावंसं वाटलं. किती मीठ, कुठला धूर, पावसाळ्यात काय करता. तेवढ्यात ओकादांनी मूठभर ढलप्या पुढे केल्या. "सूंघो. असली जपान इसी में है."

प्रत्येकाने हुंगून 'वा' केलं. चाचांनीही हुंगलं. कागद हुंगावा तसं. त्यांनीही 'वा' केलं, आणि गनीने त्यांच्याकडे का कोण जाणे, जरा जास्त वेळ पाहिलं.

मग जेवण. प्रत्येकापुढे काळं लाखी तबक, त्यात झाकणाचे वाडगे. ओकादांनी सांगितलं, आधी झाकण उघडून वाफ नाकात घ्यायची, आमच्याकडे अर्धं जेवण तेच. दहा झाकणं उघडली. दहा वाफा वर आल्या. आणि बाकीची नऊ माणसं वाडग्याकडे न बघता चाचांकडे बघायला लागली.

चाचांनी मान खाली घातली. नितळ रस्सा, त्यात माशाचा पांढरा तुकडा. बाजूच्या बशीत तपकिरी, चकचकीत शिजवलेला मासा. डोळ्यांनी सांगण्यासारखं त्यात काही नव्हतं. बिस्मिल्ला म्हणणं सोपं होतं. छातीवर हात ठेवणं त्याहून सोपं. त्यात पापही नाही, फक्त यजमानाचं मन मोडणं. त्यांनी हात उचललाही. मग समोर पाहिलं तर रंधा मारणारा तो माणूस दाराआडून डोकावत होता. आपण केलेलं लोक कसं खातात हे बघायला भंडारी असाच उभा राहतो. जगातल्या सगळ्या बंदरांत.

त्याला खोटं 'नको' म्हणायचं? आणि या नऊ जणांना खोटं 'घ्या' म्हणायचं? कालवणात मीठ चुकलं तर ते माणसामाणसांतलं आहे, माफ होतं. हे तसं नव्हतं. नऊ लोकांचं इमान आपल्या नाकावर टांगलेलं, आणि नाकात तर काही नाही.

चाचांनी उचललेला हात मांडीवर ठेवला. "शेठ, मला वास येत नाही."

"सर्दी झालीय का?" शेठांनी हळूच विचारलं.

"नाही. साथीच्या तापानंतर गेला तो गेला. चवही गेली. वर्ष होत आलं."

वाफा आपल्या वर जातच होत्या. शेवटी जहांआराबीबींनी पदर सावरला आणि सरळ ओकादांना विचारलं, "ओकादासाहेब, इसमें शराब है क्या?"

शेठांनी डोळे मिटून घेतले. पण ओकादा रागावले नाहीत. त्यांनी दारातल्या माणसाला बोलावलं, दोघांचं बोलणं झालं. रश्श्यात होती. शिजवलेल्या माशात होती, भाताची गोड दारू. ओकादांनी कमरेत वाकून माफी मागितली आणि वाडगे स्वतः उचलले. भात, लोणचं आणि नुसतं मीठ लावून विस्तवावर भाजलेला बांगड्यासारखा मासा आणवला. म्हणाले, "साब, हर बंदर में मुसलमान भाई आते हैं, बोलते हैं पेट भर गया. ये कुक बेचारा रोज़ सोचता है, मेरे हाथ में क्या खराबी है. कोई पूछता ही नहीं."

सगळे पोटभर जेवले. मासा सुरेख होता, असं बाकीचे म्हणाले. चाचांनी तो खरखरीत, गरम आणि मऊ एवढाच खाल्ला.

परतीच्या लाँचवर गनी न राहवून म्हणाला, "म्हणजे ते मीठ..."

"गनी," शेठ म्हणाले.

"कुठलं मीठ?" चाचांनी विचारलं.

सगळे पाण्याकडे बघायला लागले. शेवटी जहांआराबीबीच बोलल्या, कारण त्या मेसमध्ये रोज जेवत नव्हत्या आणि त्यांना बोलणं सोपं होतं. "चाचा, वर्षभर तुमचं सालन कधी खारट, कधी अळणी होतंय. हे म्हणायचे, म्हातारपण आलं. कुणी म्हणायचं, चाचांना घरची आठवण येते."

"वर्षभर? आणि कुणी बोललं नाही?"

"जेवणाला नाव ठेवतात का, चाचा?" गनी म्हणाला. "आमच्या बापाने तर ह्याच्यासाठी कानफटात मारलेली. आवडलं तर खा, नाही तर हात आवर."

"आणि शुक्रवारी खाडी ओलांडून येतात ते?"

"ते तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून येतात."

नाक गेल्याचं चाचांना जेवढं लागलं नव्हतं तेवढं हे लागलं. त्यांना वाटत होतं, आपण साऱ्या जगापासून लपवतोय. आणि सारं जग खारट कालवण गिळत त्यांच्यापासून लपवत होतं. धक्क्यावर उतरताना ते शेठांना म्हणाले, "खलास, शेठ. दुसरा भंडारी बघा."

खोटी समजूत घालायचा शेठांचा स्वभाव नव्हता. पेढीच्या दाराशी आल्यावर म्हणाले, "बघतो." आणि गनीला सांगितलं, "तू बघ."

सकाळी चाचांनी पेटी भरली, पण माणसं जेवायला बसणार म्हणून चूलही पेटवली. सुरमई चढवली. तेवढ्यात ऑफिसची वेळ झालेली असताना गनी वर आला, इस्त्रीच्या शर्टात, आणि चुलीपाशी उभा राहिला.

"काय पाहिजे?"

"बघायला सांगितलंय ना शेठांनी. बघतोय. द्या तो डाव."

त्याने फुंकर मारून रस्सा तोंडात घेतला. "चांगलं झालंय," असं म्हणून डाव परत दिला. वडिलांचा हात अजून गालावर असावा.

"गनी," चाचा म्हणाले, "आणखी एकदा चांगलं म्हणालास तर मी पुढच्या आगबोटीने मुंबईला."

गनीने घाम पुसला. "मग ऐका. मीठ जास्त आहे. आंबट कमी आहे. आणि हळद कच्ची लागते, हबीबी, गेले कितीतरी महिने कच्ची लागते."

चाचांचे कान तापले. कप्तानाने, शेठाने, चाचींनीसुद्धा त्यांना असं ऐकवलं नव्हतं. डाव फेकून द्यावा असं क्षणभर वाटलं. मग त्यांनी आच वाढवली, नारळाचं दूध ओतलं, दोन आमसुलं टाकली.

"मीठ किती जास्त आहे? चमचाभर की मूठभर?"

"मला काय विचारता? मी हिशेबाचा माणूस."

"जीभ आहे ना तोंडात? सांग."

गनीने पुन्हा डाव घेतला. या वेळी डोळे मिटले. खाली पेढीत कुणीतरी त्याच्या नावाने हाका मारत होतं. चाचा त्याच्या गालाची, गळ्याची हालचाल बघत होते. कांद्याचा रंग बघायचे तशी.

"आता?" त्यांनी विचारलं.

"थांबा," गनी म्हणाला. "घाई करू नका."