लोणच्याने मेलेली गांडुळं

विद्यानगरच्या आमच्या कॉलनीत घरोघरी केबल आली, दोन दारांपुढे नव्या मोटारी उभ्या राहिल्या आणि कचराकुंडी रस्त्यावर सांडायला लागली. उपाय शोधला तो आम्ही नव्हे. मागच्या बस्तीतल्या पाच बायकांनी नाल्याकाठची जागा साफ केली, विटांचे तीन हौद बांधले आणि आमच्या ओल्या कचऱ्यात गांडुळं सोडून खत करायला घेतलं. त्यांची म्होरकी आधी गोणी घेऊन कागद-बाटल्या वेचायची. वॉर्डाच्या साहेबांनी सांगितलं होतं, उन्हाळ्यात येऊन खत बघीन. चांगलं असलं तर कॉलनीच्या कचऱ्याचं काम कायमचं या पाचजणींना, नाहीतर लॉरीवाल्या ठेकेदाराला.

आमच्या वाट्याला भाषण आलं. ओला वेगळा, सुका वेगळा, हे मी दारोदार जाऊन शिकवलं. पुण्याहून आलेल्या एका कॉम्प्युटरवाल्याच्या बायकोला दोनदा शिकवलं, कारण ती एकटीच ऐकत होती.

मग बाजारात कैऱ्या आल्या. आवकाय, म्हणजे इकडचं कैरीचं झणझणीत लोणचं, घालायचं तर आधी बरण्या रिकाम्या हव्यात. तेलुगू असो की मराठी, सगळ्या घरांनी एकाच आठवड्यात गेल्या वर्षीचं उरलेलं लोणचं उपसलं. लोणचं ओलंच असतं. ओल्या बादलीत गेलं.

चार दिवसांनी म्होरकी दारात आली. हातातल्या घमेल्यात मेलेली गांडुळं आणि वर लाल तवंग.

“दो हौद के किडे मर गए अम्मा. नमक, मिरची, तेल. तुम लोगां किडों को दावत दिए क्या?”

“कोणी टाकलं ते शोधून काढते,” मी म्हटलं.

“ढूंडना कायकू? सबसे पहले तुमारीच बकेट में था.”

दुसऱ्या दिवशी साहेब आले. हौदात डोकावून त्यांनी नाकाला रुमाल लावला. “इनसे नहीं होता,” ते म्हणाले. ठेकेदाराचा माणूस मागे नवरदेवासारखा उभा होता. म्होरकी फावड्याने लाल तवंग बाजूला सारत राहिली. कॉलनीचं नाव घेतलं असतं तर उद्यापासून आम्ही कचराच दिला नसता, हे तिला पक्कं ठाऊक होतं. माझ्या शेजारणी झाडावरचे पक्षी बघायला लागल्या. त्यांना पक्ष्यांत रस आहे हे मला तेव्हाच कळलं.

“साहेब, लोणचं आम्ही टाकलं,” मी म्हटलं. “मी तर बरणीभर.”

“आप? आप तो सबको सिखाते थे.”

“लोणच्याचं शिकवायचं राहिलं.”

त्यांनी तिसरा हौद उकरायला लावला. तो बायकांनी आधीच भरून पोत्यांनी झाकला होता, म्हणून वाचला होता. आत काळं, मोकळं खत होतं. साहेबांनी ते चिमटीत धरून वास घेतला.

“और एक महिना देता,” ते म्हणाले. नवरदेव चहाला निघून गेला.

सकाळी तिची ढकलगाडी आली. शेजारच्या सगळ्या बादल्या तिने घेतल्या, माझी ठेवली.

“तुमारी एक महिना नक्को. लॉरीवाले कू दो.”

“लॉरी कुठे येते आता?”

“तुमीच तो रोके,” असं म्हणून ती गाडी ढकलत पुढे गेली.

महिनाभर मी माझी सालं अंगणात पुरली. काम पाचहीजणींना मिळालं.