रुळांमधला गहू

मी एकदा खेळण्यातल्या आगगाडीच्या दुतर्फा खरा गहू पेरला. डब्यातला, निवडलेला, भिजवून फुगवलेला. मी शेतकऱ्याची मुलगी. दर नवरात्रात घटाभोवती धान पेरायचं माझ्याकडेच असायचं, आणि नऊ दिवसांत ते वीतभर वाढतं हे मला पाठ होतं. तरीही पेरला. आता नाती विचारतात, आजी, तुला कळलं कसं नाही? कळत होतं गं. पण त्या दिवसांत माझी सगळी अक्कल हातात उतरली होती, वर काही शिल्लक नव्हती.

नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. आम्ही सुरतेला गोडादऱ्यात एका खोलीत राहत होतो, हे कापडाच्या लूमवर पाळीला जायचे. सासूबाई गेल्यापासून आबा, म्हणजे सासरे, खानदेशात गावी एकटेच होते. त्या उन्हाळ्यात ते अंगणात पडले आणि सकाळी दूधवाला येईपर्यंत तसेच पडून राहिले. तेव्हापासून यांना जेवण गोड लागेना. आबांना इकडे आणायचं, एवढंच एक डोक्यात. पण आबा मागच्या खेपेला दुसऱ्याच दिवशी परत गेले होते. म्हणाले, "तुमच्या खिडकीतून काय दिसतं? भिंत. आणि भिंतीतून काय ऐकू येतं? लूम." खरंच होतं ते.

मग त्यांचं पोस्टकार्ड आलं. गणपतीच्या चौथ्या दिवशी सकाळी येतो, दर्शन घेतो, संध्याकाळच्या गाडीनं परत. यांनी कार्ड वाचून माझ्या हातात दिलं. "तेवढ्या वेळात काय करायचं गं?"

"मी करते," मी म्हटलं. ही माझी तेव्हाची खोड. काय करते ते माहीत नसायचं, 'मी करते' मात्र आधी तोंडातून निघायचं.

आबा आयुष्यभर रेल्वेच्या तापी लाईनीवर रूळ सांभाळणारे गँगमन होते. म्हणून घरच्या गणपतीपुढे देखावा करायचा तो त्यांच्या स्टेशनाचा, असं मी ठरवलं. चुरगळलेल्या कागदांवर बारदान पसरून वर प्लास्टर थापलं, झाला डोंगर. चहाच्या चोथ्याची माती. लूमवरचे सूत गुंडाळायचे पुठ्ठ्याचे कोन कापून पाण्याची टाकी. काडेपेट्यांचं स्टेशन, आणि ते जुनं दिसावं म्हणून भिंतींवर चहाच्याच पाण्याचे ओघळ. साडीच्या जरीची नदी. मधून पत्र्याचे रूळ, त्यांवर किल्लीची गाडी. सगळं झकास जमलं, फक्त शेतं जमेनात. लाकडाचा भुसा हिरवा रंगवला तर रंगपंचमी दिसायला लागली. आबांची नजर तिथंच अडकणार असं मनानं घेतलं. म्हणून या शहाणीनं चतुर्थीला पुठ्ठ्यावर दोन बोटं माती पसरली आणि गहू दाबला. थोडी मोहरीही.

दुसऱ्या दिवशी पांढरे ठिपके आले. तिसऱ्या दिवशी दुपारी जी कोवळी लव उगवली होती, बाई गं! आगगाडीतून दिसतं तसं अगदी. तिथं थांबले असते तर आज हे लिहायला काही उरलंच नसतं. पण आबा उद्या येणार, तोवर कोमेजलं तर? मी पाणी घातलं. तासाभरानं पुन्हा घातलं. वारा लागून सुकू नये म्हणून खिडकी लावली, वर ओलं फडकं घातलं. सुरतेचा भादव्यातला उकाडा, आणि त्यात मी खोलीची भट्टी केली.

चौथ्या दिवशी सकाळी फडकं उचललं. गहू बोटभर उंच. रुळांच्या मधूनही वर आलेला. खालचा पुठ्ठा भिजून फुगला होता, स्टेशन एका बाजूला कललं होतं, आणि डोंगराला ओल्या पोत्याचा वास येत होता. हे आबांना आणायला स्टेशनवर गेलेले. मी एक रोप उपटलं, तर मुळांसकट मातीचा पोपडा आला आणि रूळच उचलला गेला. शेजारची गुजराती बेन प्रसादाला डोकावली आणि म्हणाली, "गणपति बेसाड्या छे के खेतर वाव्युं छे?" गणपती बसवलाय की शेत पेरलंय! एरवी मी तिला सोडली नसती. त्या दिवशी रडू यायला लागलं.

तेवढ्यात जिन्यावर काठी वाजली.

आबांनी गणपतीला हात जोडले. मग खाली बघितलं. यांनी घाईघाईनं गाडीला किल्ली दिली. गाडी टाकीपर्यंत गेली, स्टेशनापर्यंत गेली, गव्हात शिरली आणि अडकली. चाकं जागच्या जागी घरघरत राहिली. किल्ली किती वेळ पुरते हे मला त्या दिवशी कळलं.

"इतलं पानी कोनी टाकं?" आबांनी त्यांच्या अहिराणीत विचारलं.

यांचं बोट माझ्याकडे वळलं. एरवी माणूस सुस्त, पण बोट कसं चपळ!

"मी, आबा."

"कात्री आन."

मला वाटलं, आता हे सगळं कापून फेकणार. कात्री दिली. आबा टोपी काढून खाली बसले, चष्मा नाकावर घेतला, आणि रुळांमधलं एकेक पातं बुडापासून कापायला लागले. उपटलं नाही. "लाईनवर गवत वाढनं तं चाक घसरस," एवढंच बोलले. मग वाकून बघितलं. "खडी कोठे शे? खडी नही नि रूळ टाकी दिना? साहेब उना असता तं?" लाईन तपासायला साहेब आला असता तर!

मी जिना उतरून धावले, नव्या बांधकामापुढची वाळू चाळून बारीक कच आणला. आबांनी तो चिमटीनं रुळांखाली भरला, उचललेला सांधा दाबून बसवला. स्टेशन सरळ केलं. मला म्हणाले, सिग्नल चुकीच्या बाजूला आहे. मी हलवला. पुन्हा चुकला. पुन्हा हलवला. मोदक निवून गेले. मी एक डोळा त्यांच्या हातांवर आणि एक भिंतीवरच्या घड्याळावर ठेवून होते. चार वाजले. साडेचार झाले. गाडीची वेळ यांनाही माहीत, मलाही, आणि आबांना तर वेळापत्रक तोंडपाठ. विचारलं तर उठतील, नाही विचारलं तर गाडी चुकल्याचा राग आमच्यावर काढतील. शेवटी यांनीच त्यांची पिशवी उचलली, दाराशी जाऊन उभे राहिले आणि बारीक आवाजात म्हणाले, "आबा, निघायचं ना?"

आबांनी मान वर केली नाही. कात्री चालूच होती. त्यांचे शब्द मी जसेच्या तसे देते:

"हाई गवत चार दिनमा परत वाढी. इतलं काम टाकीसन मी कसा जाऊ?"